सुकेळी, पण थोडी अजून ऑथेंटिक

नाही नाही, तुम्हीच सांगा, केळीच्या वाडीत मधोमध उभा राहून, चारी बाजूंना केळी, डोक्यावर घड लटकतायत, पायाखाली केळीची वाळलेली सोपटं चुरचुरतायत, आणि एक माणूस गॉगल कपाळावर चढवून म्हणतो, "इथे ना... केळीचा फीलच येत नाहीये!"... अशा माणसाचं करायचं काय? बरं, म्हणून थांबला असता तर गोष्ट वेगळी! त्याने टेम्पोतून प्लॅस्टिकची केळीची पानं उतरवली! प्लॅस्टिकची! आमच्या वसईच्या गिरीजमध्ये! का, तर म्हणे खरी पानं वाऱ्याने फाटलेली आहेत, कॅमेऱ्यात गरीब दिसतात. अहो, केळीचं पान आहे ते, फाटणारच! पण नाही. "थोडं अजून ऑथेंटिक पाहिजे!"

आणि हे सगळं डोळ्यांदेखत कोणाच्या वाडीत चाललं होतं, तर आमच्या ॲनिशाच्या. तिच्या स्वतःच्या घरी, स्वतःच्या आईसमोर, आणि वर तिच्याच कल्पनेपायी! आता तिचं डोकं फिरेल की नाही?

ॲनिशा म्हणजे सालोमी टीचरची मुलगी. अंधेरीला एका जाहिरात कंपनीत कॉपीरायटर आहे. गावात अजून कोणाला कळलेलं नाही ती नक्की काय करते. शेजारच्या काकी विचारतात, "तू टीव्हीवर दिसतेस का?" नाही. "मग फोटो काढतेस?" नाही, काकी, मी ओळी लिहिते. "म्हणजे ते साबणावर लिहिलेलं असतं, डोळ्यांपासून दूर ठेवा, ते?"... बरं, ऑफिसात तरी कळतं का? तिथे बसायचं, क्लायंटचं फर्मान आलं की डोकं खाजवायचं, शंभर ओळी लिहायच्या आणि त्या नेऊन ठेवायच्या शेल्डनपुढे. शेल्डन म्हणजे तिचा क्रिएटिव्ह डिरेक्टर, कल्पनांचा मुकादम म्हणा. बोलणं असं, की ऐकणाऱ्याला वाटावं हा जन्मला लंडनला आणि बांद्र्याला नुसता हवापालटाला आलाय. तो ओळ वाचणार, डोळे मिटणार, आणि मान हलवत म्हणणार, "नाइस... पण पॉप होत नाहीये." पॉप म्हणजे काय? ते त्यालाही माहीत नाही! आणि ॲनिशाच्या ओळीत जरा वसईचा वास आला, मासळीबाजारातल्या बाईचा एखादा टोला आला, वाडीतला एखादा शब्द आला, की लगेच लाल रेघ. "टू लोकल, यार. कोणाला कळणार?"

तर एक दिवस एका खाऊच्या कंपनीचं काम आलं. त्यांना वाळवलेली केळी विकायची होती, चकचकीत पाकिटात, नाव काय तर 'बनाना बाइट्स'. ॲनिशा उडालीच! कारण बाइट्सबिइट्स काही नाही, ती आपली सुकेळी! राजेळी केळी पिकवायची, सोलायची, मांडवावर उन्हात घालायची, संध्याकाळी गोळा करायची, सकाळी परत घालायची... आता वसईत हे करणारी घरं किती उरली? सालोमी टीचर अजून करतात. शाळेत पोरांना उलटंपालटं करायच्या, त्या रिटायर झाल्यावर केळ्यांना करायला लागल्या.

त्या रविवारी चर्चमधून, मिस्साहून आल्यावर ॲनिशा मांडवाखाली उभी राहून वैतागली होती, "मम्मी, ओव्हनमध्ये टाक ना गं, तासात होतील!" आणि टीचर वर न बघता एक केळं परतत म्हणाल्या, "कशाला? घाई नाही, ऊन आहे."

तुम्हाला सांगतो, अंगावर काटा आला तिच्या. घाई नाही, ऊन आहे! झालं की! ओळ हीच! तिने धनेशला फोन लावला. धनेश तिचा जोडीदार, ती शब्द लिहिते, तो चित्र काढतो, राहायला विरारपलीकडे चांदीपला, घरची भातशेती. त्याने ती ओळ तिला दोनदा म्हणायला लावली. मग म्हणाला, "ॲनी, यावर मी काहीच काढत नाही. नुसता मांडव, नुसतं ऊन, आणि टीचरचा हात." बघा! पोरं हुशार आहेत हो आपली! जगू दिलं तर!

आणि चमत्कार झाला, शेल्डनला ओळ आवडली! क्लायंटलाही आवडली! इतकी आवडली, इतकी आवडली, की त्यांनी ती बदलली. "ऊन जरा हेवी वर्ड आहे. हिंदीत करूया? आणि 'घाई नाही' निगेटिव्ह वाटतं, कंझ्युमर स्लो समजेल आपल्याला." मीटिंगवर मीटिंग झाल्या आणि शेवटी ओळ काय उरली? "धूप का कमाल, बाइट बेमिसाल!" आता रडायचं की हसायचं? ॲनिशाने दोन्ही केलं, बाथरूममध्ये जाऊन. बाहेर आली तर शेल्डन खांद्यावर थाप मारून म्हणतो, "डोन्ट वरी, शूट तुझ्याच घरी करू. एकदम रिअल!" आणि ती हो म्हणाली. तेवढाच आईचा हात तरी दिसेल, असं वाटलं हो तिला. इथे चुकलं.

शूटच्या दिवशी सकाळी गल्लीत गाड्याच गाड्या. सालोमी टीचर दारात उभ्या, इस्त्रीचा फुलाफुलांचा ड्रेस, चष्मा, केस नीट बांधलेले, कॉफी तयार. स्टायलिस्ट पोरगी त्यांना खालपासून वर बघते आणि ॲनिशाला विचारते, "मदर कुठेयत?" ह्याच! "ओह. नाही, म्हणजे... गावातली मदर?" अगं बाई, गावातलीच आहे ती! हे घर तिचं, ही वाडी तिची, ह्या गावाच्या तीन पिढ्यांना पाढे शिकवलेत तिने!

मग पेटारा उघडला. नऊवारी साडी, एवढी मोठी नथ, आणि कुंकवाचा करंडा. क्लायंटचा माणूस, तोच तो गॉगलवाला, पुढे, "मॅम, हे घालून घ्या प्लीज." टीचर शांतपणे म्हणाल्या, "आम्ही ख्रिस्ती आहोत." "हो मॅम, नो प्रॉब्लेम, पण कॅरेक्टर मराठी आहे ना."

ऐकलंत? मराठी आहे ना! त्यांना शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेली बाई मराठी वाटेना! ॲनिशाचे कान लाल झाले. टीचरनी तरीही समजावलं, "माझी आजी लाल लुगडं नेसायची, पेटीत आहे अजून. आमचं ते आहे. हवं तर दाखवते." लगेच स्टायलिस्ट, "लाल नको, पाकिटाशी क्लॅश होतंय. थोडं अजून ऑथेंटिक हवं!"

ॲनिशा गिळत होती हो. एकेक घोट गिळत होती. तिकडे धनेशला शिडीवर चढवलेला, खऱ्या केळीला प्लॅस्टिकची पानं बांधायला. तो वरून ओरडतोय, "याच्यावर पानी मारू का, वाढेल!" कोणाला विनोद कळेना. उलट खालून उत्तर, "हां हां, स्प्रे मारा, ड्यू ड्रॉप्स!"

आणि मग क्लायंटच्या माणसाची नजर अंगणातल्या क्रूसावर गेली. दगडी क्रूस, तिच्या आजोबांनी बांधलेला, मे महिन्यात सगळी आळी तिथे प्रार्थनेला जमते. त्याने हाताने चौकट करून बघितलं, तोंड वाकडं केलं. "शेल्डन, ते जरा... फ्रेममध्ये कन्फ्युजन होतंय. एक पान लावून झाकता येईल?"

शेल्डन सकाळपासून लांबच, आंब्याखाली. त्याने क्रूसाकडे बघितलं, मग जमिनीकडे, आणि आंब्याच्या बुंध्याला टेकून म्हणाला, "धनेश... एक पान लाव तिथे."

धनेश शिडीवरून उतरला. पान हातात घेऊन उभा राहिला. हलेना. देऊळ समोर असतं तर लावलं असतं का त्याने? मग इथे कसं लावेल? आणि ॲनिशा... बास! संपलं! फुटली!

"हात लावून दाखवा! माझी ओळ कापलीत, गप्प बसले! माझी आई तुम्हाला गावातली वाटेना, गप्प बसले! आता आमचा क्रूस झाकणार? आमच्या अंगणात? आणि नाव काय याचं, ऑथेंटिक? शेल्डन, तुला काय कळणार रे, तू बांद्र्याचा..."

"आयो!!"

शेल्डन! जागच्या जागी नाचतोय! आंब्याच्या बुंध्यावर लाल मुंग्यांची रांग, हा टेकलेला, कॉलरमधून थेट आत! आणि तुम्हाला सांगतो, त्या माणसाच्या तोंडून पुढे जे बाहेर पडलं ना, ते इंग्लिश नव्हतं, हिंदी नव्हतं... ती आमच्या वसईच्या ख्रिस्ती घरांतली बोली होती! अस्सल! मुंग्यांना, मुंग्यांच्या खानदानाला आणि आंबा लावणाऱ्याला अशी एकेक कडक शिवी, की मी इथे सांगू शकत नाही, बायामाणसं बसलीयत. अख्खं युनिट थिजलं. मेकअपवाल्याच्या हातातून ब्रश पडला.

सालोमी टीचर चष्मा सारखा करत पुढे आल्या. "अरे, तू नंदाखालच्या ग्रेसीचा शेल्डन ना? पाचवीत माझ्या वर्गात होतास. शेवटच्या बाकावर."

शेल्डन शर्ट झटकायचा थांबला. अगदी बारीक आवाजात, बोलीतच म्हणाला, "हो, टीचर."

"बरं. काय झाकायचं म्हणत होतास?"

शेल्डन क्लायंटकडे वळला आणि म्हणाला, "काही नाही झाकायचं. शूट होईल तर असंच. ही बाई, हाच ड्रेस, क्रूसासकट." क्लायंटचा माणूस हसला, गोड, थंड. "वी विल रिव्हर्ट," म्हणाला, म्हणजे 'कळवू', आणि तासाभरात अंगण मोकळं! पानं गेली, नथ गेली, आणि कामही गेलं. दुसऱ्या कंपनीने स्टुडिओत वाडी उभारली, नथवाली आई आणली, जाहिरात झाली. टीव्हीवर लागते. केळी एवढी पिवळी, की डोळे दुखतात.

तुम्हाला वाटेल, ॲनिशा खूश झाली असेल, साहेब आपलाच निघाला! छे! त्याच दिवशी तिने त्याला अंगणात गाठलं. "तू माझ्या ओळी कापायचास. टू लोकल, कोणाला कळणार, म्हणायचास. एखाद्याला कळत नाही, तर मी सोडून देते. पण तुला कळत होतं, शेल्डन! प्रत्येक शब्द कळत होता!" तो मान खाली घालून उभा. म्हणाला, "मी नोकरीला लागलो तेव्हा मला 'विरार फास्ट' म्हणायचे. वर्षभर हसले. मग मी जीभ बदलली." राग धड काढता येईना, धड गिळता येईना! टीचरनी त्याच्या मानेला खोबरेल लावलं, सुकेळीचा पुडा बांधून दिला, म्हणाल्या, "ग्रेसीला दे." गेला बिचारा पुडा छातीशी धरून. पण राग गेला का? नाही गेला! अजून नाही गेला!

आणि सोमवारी ऑफिसात नवीन काम तयार. वसईतच, मिठागराच्या कडेला एका बिल्डरचे टॉवर. फर्मान काय? "इंटरनॅशनल फील पाहिजे." ॲनिशाचं डोकं असं तापलेलं, की तिने विचारबिचार केला नाही, काढून टाकलं तर टाकलं म्हणून रागारागात खडखड टाइप केलं: "वसईतलं व्हेनिस! पाणी थेट तुमच्या दारात!" आणि दिलं पाठवून.

पास झालं! लाल रेघ नाही, मीटिंग नाही, हिंदी नाही, बिल्डरने तर मिठाई पाठवली! हायवेला एवढं मोठं होर्डिंग लागलंय. ॲनिशाच्या अख्ख्या नोकरीत एक अक्षरही न बदलता छापली गेलेली ही पहिली ओळ... आणि त्या बिल्डरच्या अख्ख्या धंद्यातली पहिली, जी शंभर टक्के खरी आहे. विश्वास नसेल तर जुलैत या बघायला. फक्त येताना पँट गुडघ्यापर्यंत दुमडून या.