तहकूब सभेचा कोरम

हसू नका लेकांनो, सरपंच मीच आन् फसलो बी मीच.

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींनी ग्रामसभेला अर्ज दिला, पंचायतीची वरची खोली अभ्यासाला द्या म्हणून. तिथं तर आमचा पत्त्यांचा डाव! पण मी निवांत. आमच्या गावात ग्रामसभेला माणसं पुरत न्हाईत, सभा तहकूब हुती. फुडल्या सभेला कोरम लागत न्हाई. मग आमी पाचजण चहा पितो आन् पायजे तसा निकाल लावतो. ही युक्ती मी घरात जेवताना लय ऐटीत सांगितली. लेक पूनम गपचिप भाकरी खात हुती.

पयली सभा ठरल्यापरमानं तहकूब झाली. फुडल्या, तहकूब सभेला गेलो तर चाळीस पोरंपोरी आधीच बसलेली, फुडं पूनम.

म्हणलं, "आगं, एवढी आलाय, पण कोरम कुठं भरतोय?"

"आप्पा, तहकूब सभेला कोरम लागत न्हाई. तुमीच सांगितलंय की."

ग्रामसेवक हसू दाबत म्हणाला, "सूचक पूनम. अनुमोदक कोण?"

मागनं एक हात वर झाला. वळून बघतो तर आमची मंडळी, पूनमची आय!

तवापासनं जेवताना मी फकस्त भाजीत मीठ कमी-जास्त हाय का, तेवढंच बोलतो.