रोज संध्याकाळी सगळं विसरणारी गाडी

...आणि वर मलाच विचारतात, "डोळे कामून सुजलेत गं?" कामून म्हणजे? झोप न्हाई म्हणून! आणि झोप कामून न्हाई, तर आमच्या पोरानं, राघूनं, दोन घास खाल्ले आणि ओठ मिटले, मिटले म्हणजे कसे, बँकेची तिजोरी बरी, ती मॅनेजर आला की उघडते तरी! मग मी अंथरुणात पडून आठवायलेय, सकाळी दूध किती प्यायला, किती सांडलं, सांडलेल्यातलं मांजरानं किती चाटलं, आणि मांजर एवढं बाळसेदार कामून व्हायलंय... शेवटी आमच्या ह्यांना हलवलं, "अहो, पोरगं वाळत चाललंय, गुलबर्ग्याच्या डॉक्टरला दाखवू की." झोपेतच म्हणतात, "बघू." लग्न झाल्यापासून हा माणूस बघायलाच लागलाय, अजून काही दिसलं न्हाई त्यांना!

बरं, एवढी काळजी पुरली न्हाई म्हणून घरात गाडी आली. साधी न्हाई... शिकणारी!

तुम्हाला सांगते, माझे थोरले दीर, अच्युतभावजी, जर्मनीत इंजिनिअर होते. कायमचे परत आले ते गाडी घेऊनच. बोटीनं मुंबईला, मुंबईहून बिदरला. निळी, आणि स्टिअरिंग डाव्या हाताला. आमची म्हाळसा भांडी घासायची सोडून राखेच्या हातानं पळत आली आणि ओरडली, "वैनी, डायवर चुकीच्या जागेवर बसलाय की!" भावजींनी तिकडं लक्षच दिलं न्हाई. बॉनेट उघडलं, दोन्ही हात असे पसरले, जसं नाटकाचा पडदाच वर गेलाय, आणि म्हणाले, "हिच्यात कार्बोरेटर न्हाई. कॉम्प्युटर आहे. ही गाडी शिकते!"

शिकते म्हणे!

सासूबाईंनी विचारलं, "काय शिकते रे?"

"पेट्रोल किती घ्यायचं ते, आई. मागं धुराच्या नळीत एक नाक बसवलंय. ते धुराचा वास घेतं. पेट्रोल जास्त झालं की कॉम्प्युटरला कळवतं, तो पुढच्या खेपेला कमी सोडतो. कमी पडलं की वाढवतो. असं रोज करत करत ह्या इंजिनाला नेमकं किती लागतं, ते ध्यानात ठेवतो. कुणी सांगायला लागत न्हाई. फक्त इथल्या पेट्रोलातलं शिसं त्या नाकाला सोसत न्हाई, वर्षभरात निकामी व्हायचं ते."

मी मनात म्हटलं, वर्षभर तरी चालेल की! आमच्या राघूचं नाक बारा महिने वाहायलंय, ते कुणाला काय कळवणार? पण सासूबाई कशाला सोडतील? म्हाळसासमोर, शेजारच्या इंदुताईसमोर, सगळ्या गल्लीसमोर म्हणाल्या, "बघ गं अनसूया, लोखंडाला कळायलंय किती खावं, आणि तुझं पोरगं..." आणि पुढं बोलल्याच न्हाईत. अर्धं वाक्य सोडून द्यायची त्यांची हातोटी आहे. उरलेलं अर्धं मी रात्रभर पुरं करत बसते.

आता मी बी.एस्सी. झालेय हो, रसायनशास्त्र घेऊन. काय काय जळून कशाचा धूर होतो, ते परीक्षेपुरतं मला बी ठाऊक आहे. पण एवढ्याशा पोटात किती गेलं पाहिजे, ह्याचं सूत्र कुठल्या पुस्तकात होतं? चार वर्षं झाली, मी वाटी-चमचा घेऊन त्याच्या मागं पळायलेय, आणि अजून मला अंदाज न्हाई. आणि ती जर्मनीची बया, आल्या आल्या... शिकते म्हणे!

तर दुसऱ्या दिवशी सकाळी भावजींनी किल्ली फिरवली. घर्र... घर्र... फट्... आणि गप! परत फिरवली, तर गाडी अशी खोकायला लागली की सासूबाई आतून म्हणाल्या, "अगं, काढा दे कुणाला तरी!" मागनं काळा धूर निघाला तो थेट त्यांच्या वाळत घातलेल्या कुरडयांवर. भावजी म्हणाले, "नवीन हवा, नवीन पेट्रोल. शिकायलीय ती." खरंच, दुपारपर्यंत सुधारली. संध्याकाळी तर अशी मऊ चालायला लागली, जसं मांजर गुरगुरायलंय. भावजी मिशीत हसले. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी? घर्र... घर्र... फट्! परत पहिलीपासून! रोज हेच. दिवसभर शिकायचं, सकाळी कोरी पाटी!

सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या उतरवल्या, पुढं लिंबू-मिरची बांधली. भावजी रोज म्हणायचे, "शिकायलीय... शिकायलीय..." पण आवाज रोज बारीक व्हायला लागला. शेवटी कमठाण्याच्या रस्त्यावरच्या गॅरेजातनं शिवाप्पाला बोलावलं. त्यानं बॉनेटमध्ये मुंडकं घातलं, ह्या बाजूनं बघितलं, त्या बाजूनं बघितलं.

"मालक, कार्बोरेटर कुठंय?"

"न्हाई."

"मग स्क्रू कुठला पिळू?"

"पिळायचा न्हाई रे. ती आपली आपण शिकते!"

"मग साळंत घाला की तिला, माझ्याकडं कामून दाखवायलात?"

खोटं कशाला बोलू, मला आतनं गुदगुल्या व्हायला लागल्या. ह्या घरात नीट न खाणारं आणखी कुणीतरी आहे, आणि ते माझ्या पोटचं न्हाई! पण आनंद किती टिकणार? गुलबर्ग्याच्या डॉक्टरची वेळ ठरली, भावजी म्हणाले, "उद्या गाडीनंच जाऊ," आणि माझे प्रश्न सुरू. गाडी रस्त्यात मेली तर? न्हाई मेली आणि डॉक्टर म्हणाला की पोराला काहीतरी झालंय, तर? आणि म्हणाला की पोराला काही झालं न्हाई, आईलाच खाऊ घालता येत न्हाई, तर? ह्या तिन्हींत कुठलं वाईट, हेच मला ठरवता येईना.

त्या दिवशी दिवेलागणीला अंगणातनं भावजींची आरोळी, "अप्पाऽऽ! काय करायलात तुम्ही?"

मी पळत बाहेर. तर काय! बॉनेट उघडं, माझे सासरे, गुंडेराव, हातात बॅटरीची काढलेली तार, आणि शेजारी आमचा राघू पाना धरून उभा, असा गंभीर, जसा पूजेला पळी-पंचपात्र धरून बसलाय!

आता मामंजींचं सांगायचं म्हणजे ते मैसूर सरकारच्या काळापासून बांधकाम खात्यात ओव्हरसियर. खात्याची जीप घरी असायची. रोज संध्याकाळी देवापुढं दिवा लागला की मामंजी जीपच्या बॅटरीची तार काढायचे. बॅटरी उतरत न्हाई, चोर पळवत न्हाई, आग लागत न्हाई. रिटायर झाले, जीप गेली, तशी दिवेलागणीला त्यांचा हात रिकामा शिवशिवायचा. मग घरातल्या पंख्याचंच बटण दोनदा-तीनदा बंद करायचे. आणि आता अंगणात आयती गाडी! आल्या दिवसापासून आजा-नातवाचं हे व्रत चालू होतं, आणि सकाळी भावजी उठायच्या आत तार परत जोडून मोकळे!

"अप्पा, तिला शिकलेलं ध्यानात ठेवायला बॅटरी लागते हो! दिवसभर ती शिकते आणि रोज संध्याकाळी तुम्ही तिची अक्कल काढून घेता!"

"तीस वर्षं जीपची काढली," मामंजी म्हणाले, "एकदा बी तक्रार केली न्हाई तिनं."

"जीपला अक्कलच नव्हती, अप्पा!"

मामंजींना ते इतकं लागलं की विचारू नका. जणू घरातल्या माणसालाच कुणी बोललं! राघू मात्र पाना घट्ट धरून विचारायला लागला, "काका, तार काढली की गाडी सगळं विसरती?"

"व्हय रे बाबा. सगळं."

राघूनं मान हलवली. मला वाटलं, पोर आहे, काय कळतंय!

भावजींनी तार जोडली, रात्री गाडी तासभर फिरवून तिला परत थोडं शिकवलं, आणि त्या रात्री तार जागेवर राहिली. सकाळी गाडी एका फिरकीत सुरू! वाटेत थोडी कुरकुरली, हुमनाबाद मागं पडल्यावर ती बी न्हाई. भावजी शीळ घालायलेत, आणि मी मागं बसून राघूच्या तोंडाशी दहीभाताचा चमचा, तो खिडकीबाहेर बघायलाय, दहीभात माझ्या पदरावर... डॉक्टरांनी राघूला तपासलं, वजन केलं, डोळे ताणून बघितले, जीभ बघितली. माझा जीव कानात. मग मला विचारलं, "दिवसभर काय काय देता?"

मी सांगायला लागले. उठल्यावर दूध, मग पेज, मग केळं, मग तूप-भात, मग झोपेतनं उठवून खीर, मग... बोलता बोलता माझं मलाच ऐकू यायला लागलं हो! डॉक्टर चष्मा काढून म्हणाले, "अम्मा, बच्चे कू भूक लगने तो देव!" आणि मग नीट समजावलं, "पोरगं ठणठणीत आहे. ताटात वाढा आणि गप बसा. किती लागतंय ते त्याच्या पोटाला कळतंय. बास म्हटलं की बास."

भावजींना तर उकळ्या फुटल्या. "बघ! पोटात कॉम्प्युटर असतोय!"

येताना कमलापूरला तांबडी केळी घेतली. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. खाऊन घे म्हटलं न्हाई, बघितलं बी न्हाई... म्हणजे चोरून बघितलं. राघूनं आपल्या हातानं सोललं. खाल्लं. दुसरं मागितलं! ते अर्धं खाल्लं आणि म्हणाला, "बास." मी म्हटलं, "बरं." नुसतं बरं! तुम्हाला सांगते, बी.एस्सी.चा निकाल लागला तेव्हा मला एवढं हुशार वाटलं नव्हतं. गाडी शिकते म्हणे... मी बी शिकले!

घरी आलो. दिवेलागण झाली. मामंजी गाडीभोवती एक चक्कर मारून आले, हात पाठीमागं घट्ट बांधून. बिचाऱ्यांनी पंख्याचं बटण बंद केलं आणि उकाड्यात जेवायला बसले. सगळे शेजारी-शेजारी पाटावर. राघू दूध-भाकरी कुस्करून आपल्या हातानं खायलाय, सासूबाई बघायल्यात, आणि मी शांत, अशी शांत, जशी काही हिमालयातनं आलेय. अर्धी वाटी संपली. राघूनं वाटी सारली आणि म्हणाला, "बास."

आणि काय सांगू... हा माझा उजवा हात! मी उचलला न्हाई हो, तो आपला आपण उठला, वाटीत गेला, आणि माझंच तोंड म्हणायला लागलं, "एवढाच घास राजा, हा काकांचा, हा आज्जांचा, हा निळ्या गाडीचा..."

राघूनं घासाकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं. मग सावकाश आजोबांकडं वळला आणि म्हणाला,

"आज्जा, आज तुम्ही आईची तार काढलीत व्हय?"