मदतीला आलेय म्हणाले

मी बार्शीची. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक, शेजाऱ्याची स्कूटर फुकट दुरुस्त करून दिली तरी त्याच्याकडचा चहासुद्धा घ्यायचे नाहीत. आपला हात देणाऱ्याचा असावा गं, घेणाऱ्याचा नको, हेच शिकवलं त्यांनी, आणि काय सांगू तुम्हाला ताई, त्या शिकवणीनंच माझी वाट लावली बघा.

लग्न करून इथं अमेरिकेत, पिस्कॅटवेला आले, मिस्टर आयटीत, सगळं छान, इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीला मोदक आमच्याकडचे. गेल्या वर्षी त्यांचा जॉब गेला. मी डेकेअरमध्ये पोरं सांभाळते, त्यावर घर चाललंय, पण मंडळात कुणाला सांगितलं नाही, विचारलं की म्हणायचं, सध्या घरूनच काम करतात. तशात गाडीचे ब्रेक करकरायला लागले. लोखंडावर लोखंड घासतं तो आवाज मी ओळखते, मेकॅनिकची पोर ना मी. त्याच गाडीतून लेकीला, सायलीला, कॉलेजला सोडायचं, जीव नुसता मुठीत. तिनंच शोधून काढलं, आई, एका चर्चच्या पार्किंग लॉटमध्ये रविवारी व्हॉलंटियर्स फ्री रिपेअर करतात, जस्ट गो.

गेले. लांबच्या गावातलंच होतं ते, म्हणलं, तिथं आपलं कोण येतंय. रोझा म्हणून बाई सगळं बघते, तिनं नाव विचारलं आणि रांगेत गाडी लाव म्हणाली, बास, नवरा काय करतो, पगार किती, काही म्हणजे काही विचारलं नाही. गाडी लावून खाली उतरले तर समोर लेले काकू! आमच्या मंडळाच्या अध्यक्ष हो. व्हॉलंटियर्सना द्यायला केळी घेऊन आलेल्या. अगं, तू इथं कुठं? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, मदतीला आलेय काकू. नुसतं म्हणाले नाही, टेबलावरचं व्हॉलंटियर्सचं पिवळं जॅकेट उचलून घातलंसुद्धा. एवढ्यात रोझानं माझं नाव पुकारलं. मी आपली कॉफी ओततेय. तिनं माझ्याकडं बघितलं, जॅकेटकडं बघितलं, आणि मागची गाडी आत घेतली. नंतर तिनं विचारलं, तुझ्या गाडीचं काय? म्हणलं, झाली दुसरीकडून.

पुढं काय झालं सांगू? मंडळानं माझा सत्कार केला. शाल, नारळ, काकू माइकवर म्हणाल्या, अशा सेवाभावी बायका आहेत म्हणून आपलं नाव आहे. मिस्टरांनी टाळ्या वाजवल्या, पण मान खाली घालून. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

आता काकूच फोन करून विचारतात, जातेस ना गं? म्हणून दर रविवारी जाते. गाडी दोन गल्ल्या अलीकडंच ठेवते, रोझाला आवाज नको जायला. रांगेत बाया येतात, नजर चुकवत उभ्या राहतात, त्यांना मी कॉफी देते आणि सांगते, यात लाजायचं काय. मीच सांगते हो! माझी मला किळस येते. सायली म्हणते, यू टेल एव्हरीबडी एल्स, आई. खरंय तिचं. सांगेन रोझाला, या रविवारी सांगेन, म्हणते आणि परत येते तशीच.

देव तुमच्या लेकरांना सुखात ठेवो ताई, माझी लेक आता माझ्या गाडीत बसत नाही. थंडीत बसस्टॉपवर उभी असते. कामाला जाताना त्या स्टॉपसमोरच्याच सिग्नलला मी थांबते, ब्रेक केवढ्यांदा करकरतो, स्टॉपवरचे सगळे वळून बघतात. सायली तेवढी बघत नाही.