दोन शेपट्यांचे किडे

अगं, ती बशी सरकवू नकोस — किडे आहेत त्यात, जिवंत. किळस कसली? तीस वर्षं यांच्याच जिवावर जेवले मी. तर काय विचारत होतीस — माझ्या निवृत्तीच्या अंकासाठी एखादी आठवण? लिही. सुरुवातीला आपल्या प्रदूषण खात्यातले साहेब मला फार हसायचे. बाटलीत पाणी भरून तपासायचं सोडून ही बाई दगड उलटे करून किडे मोजते म्हणे! मोजते तर. नदीकाठच्या त्या रंगाच्या कारखान्याला तपासणीचं पत्र आठवडाभर आधी जायचं. मग काय, सांडपाणी बंद, नदी कशी आरशासारखी! पण किड्यांना पत्र जातं का? नाही जात. ते आधीच मेलेले असतात बिचारे, तपासणीपुरते कुठून उगवणार?

तर तिथला व्यवस्थापक — उंच, बाह्या दुमडलेल्या — बाह्यांचं लिहू नकोस — एकदा जेवणाच्या सुट्टीत मला म्हणाला, "मॅडम, चांगलं पाणी तुम्ही ओळखता कसं?" इतक्या आदरानं मला तोवर कोणी विचारलं होतं? कोणी नाही. मी सुटलेच! हा दोन शेपट्यांचा किडा दिसला की पाणी उत्तम, म्हटलं — चित्रसुद्धा काढून दिलं, पायांवरच्या केसांसकट.

पुढच्या तपासणीला गेले, पहिलाच दगड उचलला — ही गर्दी! सगळे दोन शेपट्यांचे, हजेरीला उभे केल्यासारखे. शेजारच्या दगडाखाली? एक नाही. त्यातले निम्मे मान टाकलेले, आणि झुडपामागे बादली. व्यवस्थापक शेजारीच उभा. विचारलं, "कधी आणलेत?" तर म्हणतो कसा, "सकाळी सातला, वरच्या झऱ्यावरून." धड खोटंसुद्धा बोलता येत नव्हतं आमच्या ह्यांना —

काय? 'आमच्या ह्यांना' म्हणाले मी? ...बरं, म्हणाले. तोच तो. दात काढू नकोस, लग्न नंतरचं! आधी मी अहवाल दिला, त्याच संध्याकाळी, बादलीसकट. कारखाना सहा महिने बंद पडला, पाणी साफ करायची यंत्रणा बसली, नदी सुधारली. मला बढती, त्याला नारळ. चौकशीत मीही होते, समोरच बसलेली. साहेबांनी त्याला विचारलं — चांगल्या पाण्यातले किडे कोणते, हे तुम्हाला सांगितलं कुणी? मी पदराआड बोटं मोडत होते. तर हा शांतपणे म्हणाला, "पुस्तकात वाचलं." पुस्तकात! त्या माणसानं उभ्या जन्मात रेल्वेच्या वेळापत्रकापलीकडे काही वाचलेलं नाही.

मी बोलायला हवं होतं तेव्हा. हवं होतं ना? अहवालात सगळं खरं लिहिलं गं, एवढं एकच गाळलं — ते चित्र. त्यानं पुढं दोन वर्षं दुसऱ्यांच्या दुकानात माल मोजला, आणि मी बढतीच्या खुर्चीत. लग्नाचं मीच विचारलं. तर म्हणाला, "उपकार फेडताय?" म्हटलं, नाही, बाह्या आवडल्या. खरं काय ते — दोन्ही. घरी हा विषय आम्ही काढतच नाही —

तू हे सगळं लिहून घेतलंस? दाखव. अगं, बाह्यासुद्धा! ...खोडू नकोस. थांब — चित्राचंही राहू दे. साहेब वाचतील, वाचू देत. ह्यांना मी घरी जाऊन सांगते, छापून यायच्या आधी. ऊठ आता. आणि दार हळू लाव, बशी हिंदकळते.