पंखाताडाचा कोंब

अल्लाची शपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. ईद झाल्यावर कोटा भारूच्या दवाखान्यात बाकावर बसून दोघी शेजारणी बोलत होत्या, ते मी याच कानांनी ऐकलं.

"गुडघा कसा आहे, रोकियाताई?"

"गुडघ्याचं सोड गं, हस्ना. माझ्या पंखाताडाचा कोंब गेला. नऊ वर्षं वारंसुद्धा लागू दिलं नाही त्याला. वर्षाला दोन पानं येतात मेली. मी ईदला लेकीकडे गेले, तेव्हा हा कोंब उमलायला आला होता."

"मी पाणी रोज घालत होते, ताई."

"तुला कोण बोलतंय? मांजरीनं खाल्ला. तिला मासळीबाजारात सोडून आले."

"सोडून आलात? तुमच्या यजमानांची मांजर ती."

"असू दे. चोरट्या तोंडाला माझ्या घरात जागा नाही. पण तू दिलेले ईदचे केतुपात काय सुरेख झाले होते गं. पानात गुंडाळलेला चिकट भात, आणि पान कसं कोवळं, मिटलेलं. मी चार खाल्ले. असं पान कुठल्या बाजारात मिळालं?"

"बाजारात नाही मिळालं."

"मग?"

"भात उरला आणि पानं संपली. तुमच्या घराची किल्ली माझ्याकडे होती. कोंब मीच कापला, ताई."

सगळं खरं आहे. फक्त हस्नाचं हे शेवटचं बोलणं मी मागाहून घातलं. त्या दिवशी ताईंनी "मग?" विचारलं, तेव्हा मी नुसती नंबरची चिठ्ठी चुरगाळत बसले. तेव्हापासून रोज मासळीबाजारात जाते, पण मांजर काही सापडत नाही.