आठ दिवसांच्या बाळाचं उत्तर

लस टोचायच्या रांगेत माझ्या मागच्या बाकावर दोघी बसल्या होत्या. एक जेमतेम विशीची, मांडीवर बाळ. दुसरी तान्ह्या नातीला घेऊन आलेली आजी.

"घरी कोण आहे गं तुझ्याकडे बघायला?"

"कोणी नाही, मावशी. मी अनाथाश्रमात वाढले. नवरा कामावर जातो. पण एक नर्सताई दर आठवड्याला घरी येतात. हा पोटात होता तेव्हापासून."

"वजन करायला?"

"ते करतातच. पण हा आठ दिवसांचा झाला तेव्हा त्यांनी विचारलं, याच्याशी बोलतेस का? मी म्हटलं, त्याला काय कळतंय? आणि मला तरी कुठे येतं? माझ्याशी लहानपणी कोण बोललं होतं?"

"मग?"

"म्हणाल्या, त्याच्यासमोर तोंड ने, जीभ बाहेर काढ आणि नुसती थांब. मला हसूच आलं. पण काढली. तो टक लावून बघत राहिला. बराच वेळ काहीच होईना. मी उठणार, तर ताईंनी हात धरला. म्हणाल्या, थांब, तो प्रयत्न करतोय."

"आणि?"

"इवलीशी जीभ, मावशी! हळूच बाहेर आली. मी परत काढली, त्यानेही परत काढली. आठ दिवसांचा जीव, आणि मला उत्तर देत होता."

"अगं बाई!"

"ताईंच्या डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, तुम्ही तर रोज बघत असाल. म्हणाल्या, अकरा वर्षं बघतेय, अजून अंगावर काटा येतो."

"मी चार पोरं वाढवली गं. थांबून कधी बघितलंच नाही."

"नात आहे ना मांडीवर. बघा की."

आतून आजींचा नंबर पुकारला. मग पुन्हा पुकारला. मागे कोणीच उठलं नाही; वळून पाहिलं, तर आजी नातीसमोर जीभ काढून थांबल्या होत्या.