रकान्यातली घंटा

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, ज्यांच्या निवृत्तीनिमित्त आपण जमलो ते सत्कारमूर्ती अभियंता साहेब, त्यांचे कुटुंबीय, कार्यालयातले अधिकारी-कर्मचारी आणि खुर्च्या न मिळाल्यामुळे दाराशी उभे असलेले आमच्या गल्लीतले बंधू-भगिनी, सर्वांना माझा नमस्कार.

नागरिकांतर्फे दोन शब्द बोलायला मला बोलावलंत, हा मी माझा सन्मान समजते. माझं रेल्वे फाटकाजवळ इस्त्रीचं दुकान आहे. साहेबांच्या अंगावर आत्ता जो कडक शर्ट दिसतोय, तो सकाळी मीच इस्त्री केलाय. तेव्हा त्यांच्याविषयी बोलायचा थोडा हक्क मलाही आहे. निवेदकांनी मघाशी कानात सांगितलं, "ताई, गोड बोला हं." प्रयत्न करते.

आधीच्या वक्त्यांनी साहेबांच्या अहवालांचं तोंड भरून कौतुक केलं. रस्ता जिथे रूळ ओलांडतो, अशा प्रत्येक फाटकाची माहिती दरवर्षी सरकारला कळवावी लागते. साहेबांचा अहवाल कधी उशिरा गेला नाही, त्यात कधी एक रकाना रिकामा राहिला नाही. अगदी खरं आहे. त्यात खोटंही कधी काही नव्हतं, आणि माझा राग त्यावरच आहे.

आमच्या फाटकाला आडवा दांडा नाही, राखणदार नाही. आहे ती एक घंटा. रूळ गोदामाच्या भिंतीआडून वळतात, त्यामुळे गाडी दिसते तेव्हा ती अंगावर आलेली असते. म्हणून सरकारनंच तिथे पाटी लावली, 'घंटा वाजताच थांबा'. ती घंटा बंद पडली, तेव्हा मी साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. साहेब म्हणाले, "वहिनी, सरकार विचारतं, घंटा आहे की नाही? तर आहे. वाजते का, असा रकानाच नाही. मी तरी काय करू?"

अध्यक्ष महोदय, उद्या तुम्ही माझ्या दुकानात आलात आणि मी थंडगार इस्त्री दाखवून म्हटलं, "आहे की इस्त्री!", तर तुम्ही मला काय म्हणाल? इथे म्हणू नका, बायामाणसं बसली आहेत.

मग एक दिवस खरंच माणसं आली. खांबाला आणि घंटेला झकास पिवळा रंग देऊन गेली. कारण रंगाचा रकाना आहे! आम्ही भाबडी माणसं, आम्हाला वाटलं घंटा दुरुस्त झाली. मी स्वतः यजमानांना म्हटलं, "बघा, झालं एकदाचं काम."

ते बघा, तिसऱ्या रांगेत कुबडी पायाशी ठेवून बसलेत, ते माझे यजमान. त्याच आठवड्यात कपड्यांचं गाठोडं सायकलला बांधून निघाले. फाटकाशी उतरले, कान देऊन उभे राहिले. घंटा नाही, म्हणजे गाडी नाही. सरकारच्या पाटीवर विश्वास ठेवून पुढे झाले, आणि एक पाय तिथेच गेला.

साहेब फळं घेऊन दवाखान्यात आले होते. माणूस वाईट नाही हो, म्हणून तर जास्त चीड येते! दवाखान्यातून परत गेले आणि अपघाताचा अहवाल लिहिला. घंटा: आहे. कारण: सायकलस्वाराचा निष्काळजीपणा. ज्या माणसानं सगळ्या आयुष्यात कुणाचा एक शर्ट जाळला नाही, तो निष्काळजी? तेव्हापासून ते दुकानात तोंड भिंतीकडे करून बसतात. गिऱ्हाईक आलं तरी वळत नाहीत. पाय गेल्याचं त्यांनी सोसलं, पण हे त्यांना सोसत नाही.

थांबा जरा. गाडी येतेय.

...

गेली. खिडक्या थरथरल्या, पाहुण्यांचे पेले टेबलावर किणकिणले. फाटक या सभागृहाच्या भिंतीपलीकडेच आहे. आता सांगा, घंटा कुणी ऐकली? हात वर करा. लाजू नका. अध्यक्ष महोदय, तुम्हीही नाही? साहेब, तुम्ही?

निवेदक मघाशी अभिमानानं म्हणाले की यंदाचा अहवाल साहेबांच्या हातानंच जाणार आहे, आज कार्यालय बंद व्हायच्या आत. म्हणजे अजून तुमची सही चालते. साहेब, रकाना नसेल तर समासात लिहा. घंटा वाजत नाही, एवढंच लिहा. आणि त्याखाली लिहा, तो माणूस निष्काळजी नव्हता. अहवाल आणि सत्कारात मिळालेलं नवं पेन, दोन्ही तुमच्या पुढ्यातच आहेत.

मला बोलू दिलंत, मध्येच माइक काढून घेतला नाहीत, त्याबद्दल आयोजकांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. आवाज चढला असेल, एखादा शब्द कमी-जास्त गेला असेल, तर मोठ्या मनानं पोटात घाला. निवेदक दादा, पुढच्या वक्त्यांना खुशाल बोलवा. साहेबांचं लिहून होईपर्यंत मी मात्र इथेच उभी आहे.